जहाज पाचला सुटणार म्हणजे नक्की किती वाजता सुटणार?

आभाळवेडी

नमस्कार मंडळी,

आई-बाबा येत्या शनिवारी आयुष्यातल्या पहिल्या क्रूझला निघतायत. बाबांना समुद्राचं वेड, आईला पाण्याची धास्ती. त्यामुळे हा बेत चाळीस वर्षं पुढे ढकलला गेला. या वर्षी आई आपणहून "चला" म्हणाली आणि बाबांनी त्याच संध्याकाळी तिकिटं काढली.

मी आणि माझा सहा वर्षांचा लेक त्यांना निरोप द्यायला जाणार आहोत. तिकिटावर सुटायची वेळ संध्याकाळी पाच. धक्क्याशेजारी लोकांना उभं राहता येतं, तिथून जहाज समोर दिसतं. बंदराच्या तोंडाशी लाटा अडवायला बांधलेली लांब भिंत आहे, टोकाला दीपस्तंभ. जहाज त्या टोकाला अगदी लगटून जातं म्हणे. मला दोन्ही बघायचंय. दोर सुटताना धक्क्यावर, आणि जहाज समुद्रात शिरताना भिंतीच्या टोकावर.

धक्क्यापासून भिंतीपर्यंत गाडीने २५ मिनिटं, पुढे टोकापर्यंत दहा मिनिटं चालत. नकाशावर पाण्याची वाट मोजली तर सात किलोमीटरच्या आसपास भरते. मी आधी पोचेन की जहाज? आणि पाच म्हणजे पाचच का? दोर पाचला सुटतात, की माणसं चढायची थांबतात, की जहाज हलायला लागतं?

ज्यांनी प्रवास केलाय किंवा जहाजावर काम केलंय त्यांनी कृपया सांगा. ही वेळ माझ्याकडून चुकायला नको आहे.

वाचनमात्र

चांगला प्रश्न. वाचतेय.

खिडकीपाशी

मी सात-आठ क्रूझ केल्यात. पाचची वेळ असेल तर बहुतेकदा पाच ते साडेपाचमध्ये जहाज हलतं. पाचच्या आधी सुटलेलंही एकदा पाहिलंय, कारण सगळे चढले होते आणि पायलट, म्हणजे बंदरातून जहाज बाहेर न्यायला चढणारा तिथला वाटाड्या, तयार होता. प्रवाशांनी मात्र त्याच्या बरंच आधी आत असायला हवं. पहिल्या बंदरात चेक-इन तासभर ते दीड तास आधीच बंद करतात. मधल्या बंदरांत 'ऑल अबोर्ड', म्हणजे सगळ्यांनी परत चढायची शेवटची वेळ, साधारण अर्धा तास आधी. आई-बाबांना सांगा, पाच हा आकडा त्यांच्यासाठी नाहीच. त्यांच्यासाठी दुपारची वेळ खरी.

लिंबूटिंबू

आमच्या घरी 'निघालो' म्हटल्यावर पाऊण तासाने दार लागतं. जहाजात चार हजार माणसं, मग हिशेब करा :)

तांडेल_६२

तीस वर्षं समुद्रावर काढली. आधी मालवाहू जहाजांवर, शेवटची नऊ वर्षं प्रवासी जहाजांवर. आभाळवेडी ताई, तुमचा प्रश्न आम्हाला परीक्षेत विचारावा असा आहे, कारण जहाज 'सुटण्याची' एक वेळ नसतेच. लॉगबुकात आम्ही निदान चार वेळा लिहितो. पायलट ऑन बोर्ड, म्हणजे पायलट चढला ती वेळ. लास्ट लाइन, शेवटचा दोर सुटला ती. पायलट अवे, पायलट उतरला ती. आणि एफएओपी, फुल अवे ऑन पॅसेज, म्हणजे इंजिन समुद्रातल्या वेगावर गेलं आणि प्रवास खरा सुरू झाला ती. तिकिटावरचं पाच हे शेवटच्या दोराच्या जवळपास धरा.

आता पाचच्या आधीचं. सुकाणूची यंत्रणा निघण्याआधीच्या बारा तासांत तपासलीच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आम्ही ती तासभर आधी पुन्हा फिरवून बघायचो. जादा जनरेटर लावले जातात, कारण जहाज बाजूला ढकलणाऱ्या थ्रस्टरना वीज प्रचंड लागते. पायलट अर्धा-पाऊण तास आधी येतो. कॅप्टन आणि तो समोरासमोर उभे राहून सगळं बोलून घेतात: जहाज किती पाण्यात बसलंय, वारा कुठून, भरती की ओहोटी, समोरून कोण येतंय. मग प्रवाशांची मोजणी जुळायला हवी. मग शिड्या आत, बाजूचे दरवाजे बंद, आणि ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतल्या, पॅनेलवर प्रत्येक दरवाजाचा दिवा 'बंद' दाखवायला हवा. हे सगळं झाल्याशिवाय दोराला हात लागत नाही.

दोर सोडायला १० ते १५ मिनिटं. जहाज धक्क्यापासून आडवं सरकवून, गरज असेल तर वळवून, नाक समुद्राकडे करायला आणखी १० ते १५. बंदराच्या आत वेग पाच-सहा ते आठ नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. तुमचे सात किलोमीटर सहा नॉटने जायला ३८ मिनिटं. त्यात वळण्याची दहा-बारा मिळवा. म्हणजे शेवटचा दोर सुटल्यापासून भिंतीच्या टोकाला यायला ४५ ते ५० मिनिटं. तुम्हाला लागतात ३५. दोर सुटलेला बघा आणि लगेच निघा. पोचाल.

घाईघाईत

तांडेल काकांनी मोजणीचं लिहिलं त्यात भर. मधल्या एका बंदरात आम्ही स्वतःच्या स्वतः फिरायला गेलो आणि मोबाइलचं घड्याळ किनाऱ्यावरच्या वेळेवर गेलं. जहाजाची वेळ वेगळी होती, एका तासाचा फरक. धक्क्यावर पोचलो तेव्हा शिडी उचललेली होती. जहाज जेमतेम तीस फूट दूर, वरून लोक आमच्याकडे बघत होते, आणि तरीही ते थांबलं नाही. मधल्या पाण्याच्या पट्ट्यात दोर ओढला जात होता, त्याच्यावरून पाणी निथळत होतं. ते मी अजून विसरलेले नाही. आमचे पासपोर्ट केबिनमधल्या तिजोरीतून काढून एजंटच्या हाती देऊन ठेवले होते, म्हणजे आम्ही येणार नाही हे त्यांना आधीच कळलं होतं. पुढच्या बंदरात विमानाने गेलो.

ताई, आई-बाबांना नक्की सांगा: घड्याळ कायम जहाजाच्या वेळेवर ठेवायचं.

खिडकीपाशी

@घाईघाईत, बापरे. पण तीस फुटांवर होतं तर परत येऊन घ्यायला काय हरकत होती? माणुसकीच्या दृष्टीने मला हे पटत नाही.

बोलार्ड

मी बंदरावर दोर सोडणाऱ्या टोळीत काम करतो. खिडकीपाशी, याचं उत्तर देतो.

पहिल्यांदा 'सिंगल अप'चा हुकूम येतो. म्हणजे पुढे-मागे प्रत्येकी एक-दोन दोर ठेवून बाकी सगळे सोडायचे. वरून विंचने दोर सैल करतात, मग आम्ही बोलार्डवरून, म्हणजे धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावरून, फास उचलून पाण्यात टाकतो. ओला दोर भलता जड असतो, एकट्याचं काम नाही. मग शेवटचे. दोर पाण्यात पडल्यावर जहाजावरचे तो भराभर आत खेचतात, कारण खाली पंखे फिरायला लागणार असतात आणि दोर पंख्यात गेला तर तिथेच सगळं अडकलं. मागच्या डेकवरून 'सगळं मोकळं' असा निरोप गेल्यावरच ब्रिजवाले ताकद लावतात.

तीस फुटांवरून परत येणं म्हणजे हे सगळं उलट. हलकी दोरी फेका, तिला जाड दोर बांधून ओढा, ताण द्या, शिडी लावा, दरवाजा उघडा, पोलीस-इमिग्रेशनच्या माणसाला पुन्हा बोलवा. अर्धा तास सहज जातो. तोवर पायलटची पुढची पाळी चुकते, मागचं जहाज खोळंबतं. आणि ताण बसलेला दोर तुटला तर समोरचा माणूस जातो. मी दोर तुटताना एकदाच पाहिलाय. आवाज आधी ऐकला आणि दोर नंतर दिसला. कोणाला लागलं नाही हे नशीब. तेव्हापासून ताणलेल्या दोराच्या रेषेत मी उभा राहत नाही आणि दुसऱ्यालाही राहू देत नाही.

लोकांना मागे टाकताना आम्हालाही वाईट वाटतं हो. वर उभी असलेली त्यांची माणसं आम्हाला दिसतात.

खिडकीपाशी

@बोलार्ड, हे माहीत नव्हतं. माझं मत मागे घेतो. आणि सांभाळून काम करा.

जुनी_पानं

दोर तुटण्यावरून टायटॅनिक आठवलं. १० एप्रिल १९१२ ला दुपारी ती साउथॅम्प्टनहून निघाली, तेव्हा तिच्या जाण्याने पाणी असं ओढलं गेलं की जवळच बांधलेल्या 'न्यूयॉर्क' नावाच्या जहाजाचे दोर तटातट तुटले आणि ते टायटॅनिककडे ओढलं गेलं. टक्कर जेमतेम काही फुटांनी टळली. या भानगडीत तासाभराचा खोळंबा झाला.

आणि काकांनी दरवाजांच्या दिव्यांचं लिहिलंय त्याच्यामागे ६ मार्च १९८७ आहे. 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' ही फेरी बेल्जियममधल्या झेब्रुगहून ब्रिटिश वेळेनुसार संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी निघाली. पुढचा मोठा दरवाजा उघडाच राहिला होता आणि ब्रिजवरून तो दिसायची सोय नव्हती. वेग घेतल्यावर पाणी गाड्यांच्या डेकवर शिरलं आणि सहा अठ्ठावीसला फेरी कलंडली. १९३ माणसं गेली. धक्का सोडून तेवीस मिनिटं झाली होती. निघायला दहा मिनिटं उशीर झाला की आपण कुरकुरतो, तेव्हा हे आठवावं.

तांडेल_६२

@जुनी_पानं, अगदी. आम्ही शिकायला लागलो तेव्हा ही घटना ताजी होती. दरवाजाचा दिवा बघून मोठ्याने बोलायचं, आणि दुसऱ्याने ते परत म्हणायचं, ही सवय हाडात भिनली.

अशीच गोष्ट ड्रिलची, म्हणजे संकटात कुठे जमायचं याच्या सरावाची. पूर्वी प्रवासी चढल्यापासून २४ तासांच्या आत कधीही ड्रिल घेतलं तरी चालायचं. १३ जानेवारी २०१२ ला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' चिविटावेकियाहून संध्याकाळी निघाली आणि अडीच तासांत जिल्यो बेटाजवळच्या खडकावर गेली. त्या बंदरात चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल व्हायचं होतं. ३२ लोक गेले. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला: ड्रिल निघण्याआधी किंवा निघाल्या निघाल्या. त्यामुळे आई-बाबांचं जहाज बहुतेक धक्क्याला असतानाच भोंगा वाजेल, सात छोटे आणि एक लांब. आईंना पाण्याची भीती आहे म्हणालात ना, तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा. तो सरावाचा भोंगा असतो. हल्ली बऱ्याच जहाजांवर माहिती फोनवर किंवा टीव्हीवर बघायची आणि आपली जमायची जागा स्वतः जाऊन बघून यायची, असं असतं. आईंनी ती जागा दोनदा बघावी. वाट माहीत असली की भीती निम्मी होते.

आभाळवेडी

काका, बोलार्ड दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. आईला भोंग्याचं आत्ताच फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "सात छोटे, एक लांब. लिहून ठेवते." आणि खरंच वहीत लिहून घेतलं.

पण काका, ४५-५० मिनिटं सगळीकडे अशीच धरायची का? मैत्रीण म्हणते, तिच्या जहाजाला समुद्र गाठायला मध्यरात्र झाली होती.

खिडकीपाशी

मैत्रीण नदीवरच्या बंदरातून निघाली असणार. न्यू ऑर्लिन्सहून निघालात तर मिसिसिपीतून खाली उतरत मेक्सिकोच्या आखाताला लागायला सात-आठ तास जातात. दुपारी चारला निघून जेवलो, फिरलो, झोपायला आलो, तरी बाहेर काठावरचे दिवे चालूच. हॅम्बुर्गचंही तसंच, एल्बे नदीवर समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत. स्टॉकहोमला बेटांच्या भुलभुलय्यातून बाहेर पडायला तीन-चार तास लागतात, आणि तो प्रवासाचा सगळ्यात सुंदर भाग असतो. घरं इतकी जवळ, की अंगणातल्या दोरीवरचे कपडे दिसतात. उलट मायामीत धक्का आणि समुद्र यांच्यामध्ये छोटासा कालवा, अर्ध्या-पाऊण तासात बाहेर.

माझं तर मत आहे की बंदर निवडताना बाहेर पडायची वाट बघून निवडावं. पोहण्याचा तलाव सगळ्या जहाजांवर सारखाच.

त्रिज्या

आम्सटरडॅम राहिलं. तिथे धक्का आणि समुद्र यांच्यामध्ये लॉकचा दरवाजा आहे. आयमाउडनचं नवं लॉक २०२२ मध्ये सुरू झालं, ५०० मीटर लांब, ७० मीटर रुंद. अख्खं जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाण्याची पातळी जुळवायची, मग पुढचं दार. एवढी अवाढव्य वस्तू भिंतींच्या मधोमध उभी राहून संथपणे वर-खाली होताना बघणं हा वेगळाच अनुभव आहे.

पुलाखालून

माझा जीव पुलांवर. टॅम्पाच्या सनशाइन स्कायवे पुलाखाली साधारण ५५ मीटरच जागा आहे, त्यामुळे सगळ्यात मोठी क्रूझ जहाजं त्या बंदरात जाऊच शकत नाहीत. आणि 'ओएसिस ऑफ द सीज' फिनलंडमध्ये बांधून २००९ मध्ये बाल्टिकमधून बाहेर काढली, तेव्हा डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलाखाली ६५ मीटर जागा आणि जहाज ७२ मीटर! धुराडी दुर्बिणीसारखी आत सरकवली. वर मुद्दाम वेग वाढवला, कारण उथळ पाण्यात वेगाने गेलं की जहाज जरा खाली बसतं. हातभर अंतराने निघालं.

लिंबूटिंबू

वाकून जाणारं जहाज! हे लेकीला आज रात्री गोष्ट म्हणून सांगणार.

वाऱ्यावरची

एक शंका. आमचं जहाज एकदा पाच तास उशिरा सुटलं, कारण फक्त वारा. पाऊस नाही, वादळ नाही, स्वच्छ ऊन. लोक मदत-कक्षावर भांडत होते. एवढ्या मोठ्या जहाजाला वाऱ्याची कसली भीती?

तांडेल_६२

मोठं म्हणूनच. बाजूने बघा: साडेतीनशे मीटर लांब आणि वीस मजले उंच भिंत. उभारलेलं शीडच ते. पाण्याखाली मात्र जेमतेम आठ-नऊ मीटर. समुद्रात वेगात असताना त्याच वाऱ्याचं काही वाटत नाही, पण बंदरात वेग शून्य आणि बाजूला शंभर मीटरवर दुसरं जहाज. वारा धक्क्याच्या दिशेने दाबत असेल तर थ्रस्टरची सगळी ताकद लावूनही जहाज सुटत नाही, आणि सुटलं तर वळताना वाऱ्याबरोबर वाहत जातं. मी एकदा ब्रिजवर उभा राहून चार तास वाऱ्याचा काटा बघत काढलेत. कॅप्टन दर दहा मिनिटांनी यायचे, काटा बघायचे, काही न बोलता जायचे. एकदाचा वारा पडला तेव्हा अठरा मिनिटांत बाहेर होतो.

'थांबूया' म्हणणं कॅप्टनसाठी सोपं नसतं. उशीर भरून काढायला वेग वाढवावा लागतो, आणि लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशेबाने वाढते. वेग दहा टक्के वाढवा, ताकद एक तृतीयांशाने जास्त. एवढं इंधन जळणार हे माहीत असून जो थांबतो, त्याच्यावर भांडू नये. त्याचे आभार मानावेत.

आता नव्या जहाजांवर पंखे तीनशे साठ अंशांत फिरणाऱ्या पॉडमध्ये असतात, क्रूझ जहाजावर पहिल्यांदा ते १९९८ मध्ये 'इलेशन'वर आले. त्यामुळे टग, म्हणजे ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी, न लावता जहाज जागच्या जागी वळतं. माझ्या उमेदीच्या काळात दोन-तीन टग लागायचे. तरी वारा तो वाराच.

तळमजला

एवढं सगळं वाचलं आणि राहवलं नाही. मी सहा वर्षं क्रूझवर लाँड्रीत होतो. पाण्याच्या रेषेखाली, खिडकी नाही. शेकडो वेळा जहाज बंदरातून निघालं आणि मी एकदाही निघताना पाहिलं नाही, कारण प्रवासी बदलायच्या दिवशी चादरी-टॉवेलांचा डोंगर असायचा. तेव्हाच तर सगळ्यात जास्त काम.

पण कळायचं. टेबलावर चहाचा स्टीलचा पेला ठेवलेला असायचा. आधी त्यातल्या चहावर बारीक गोल उठायचे, ते थ्रस्टर. पंधरा-वीस मिनिटांनी गोल थांबायचे आणि जमिनीतून एक सलग गुणगुण यायची, ती मुख्य मोटर. मग बऱ्याच वेळाने पेल्यातला चहा एका बाजूला कलायचा, जेमतेम बोटभर, आणि परत यायचा. मग कोणीतरी म्हणायचं, "आलो बाहेर." तांडेल काकांच्या चार वेळांपैकी तीन मला त्या पेल्यात दिसायच्या.

शेवटच्या कराराच्या शेवटच्या फेरीत सुपरवायझरने स्वतःहून सांगितलं, "आज वर जा." मागच्या डेकवर उभा राहिलो. धक्क्यावर एक आजोबा हात हलवत होते, कोणासाठी माहीत नाही. मी पण हलवला. दिसेनासे होईपर्यंत ते तिथेच होते.

ताई, तुम्ही भिंतीवर नक्की जा. खालून वर आलेला कोणीतरी बघत असतो.

आभाळवेडी

@तळमजला, हे वाचून काही सुचेना. जाणार. आणि फक्त आई-बाबांसाठी नाही, सगळ्यांसाठी हात हलवणार.

वाचनमात्र

पेल्यातल्या चहाचं वर्णन... वाचनखूण साठवली.

त्रिज्या

मूळ प्रश्नाकडे येते. 'किती वेळ दिसेल' याचं गणित सोपं आहे. डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ३.५७ ने गुणा. तेवढ्या किलोमीटरवर तुमचं क्षितिज. भिंतीवर तुमचे डोळे पाण्यापासून पाच मीटर वर धरले तर आठ किलोमीटर. जहाजाचं धुराडं साठ मीटर उंच असेल तर त्याचे साडेसत्तावीस. दोन्हींची बेरीज, म्हणजे पस्तीसेक किलोमीटरपर्यंत धुराड्याचं टोक दिसू शकतं. हवा स्वच्छ असेल तर. खालचे मजले आधी बुडतील, मग वरचे, सगळ्यात शेवटी धुराडं. लेकाला दाखवा, पृथ्वी गोल असल्याचा इतका सुंदर पुरावा दुसरा नाही.

पण माणूस इतक्या लांबून दिसत नाही. चांगली नजर एक मीटरची वस्तू साधारण साडेतीन किलोमीटरपर्यंत वेगळी ओळखते, तेही जेमतेम. हात तर किलोमीटरभरही पुरत नाही. म्हणून हात हलवू नका, मोठं आणि भडक एका रंगाचं कापड हलवा. पिवळं उत्तम.

बोलार्ड

आणि जहाज भिंतीपाशी येईल तेव्हा कुठली बाजू तुमच्याकडे असेल ते आधी ठरवा. बाहेर जाताना भिंत जहाजाच्या डाव्या हाताला येते की उजव्या, ते नकाशावर बघून आई-बाबांना सांगा. नाहीतर ते एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या बाजूला. हे दर आठवड्याला बघतो.

तांडेल_६२

बोलार्डरावांचा मुद्दा सोन्यासारखा. भर घालतो. लेकाला झेंडा शोधायला सांगा: उभा अर्धा पांढरा, अर्धा लाल. तो वर असेपर्यंत पायलट जहाजावर आहे. तुमच्या समोरून गेल्यावर थोड्या अंतरावर एक छोटी बोट जहाजाच्या कुशीत शिरेल. जहाज जरा वळून त्या बाजूचा वारा अडवेल, आणि पायलट बाजूच्या दरवाजातून दोराच्या शिडीने खाली उतरून बोटीत पाऊल टाकेल. दोन्ही चालत असतात, लाटेवर बोट वर-खाली होत असते. पाऊल टाकायची वेळ चुकून चालत नाही. ते दिसलं की समजा, बंदर संपलं.

फोनवर जहाजांचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप टाका. पण त्यातल्या 'बांधलेलं' आणि 'चालू' या शब्दांवर विसंबू नका. ती स्थिती ब्रिजवरचा अधिकारी हाताने बदलतो, आणि गडबडीत कधी उशिरा बदलतो. वेगाचा आकडा बघा, तो यंत्र स्वतः पाठवतं.

आभाळवेडी

शनिवार, रात्र. घरी आले, लेक झोपला, आता सगळं लिहिते.

पाच वाजले, काही हललं नाही. पाच दहा, तरी नाही. अ‍ॅपवर बघितलं तर एक मालवाहू जहाज आत येत होतं, वाट अरुंद, त्याला आधी जाऊ दिलं. ५.१६ ला सिंगल अप झालं. मी शेजारच्या काकूंना म्हटलं, "आता पुढे-मागे थोडेच दोर राहिले", तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. ५.२४ ला शेवटचा दोर पाण्यात पडला. बोलार्ड दादा, फास उचलताना दोघं होते आणि टाकल्यावर दोघंही पटकन बाजूला झाले. तुमची आठवण आली. जहाज आणि धक्का यांच्यामध्ये हिरव्या पाण्याची पट्टी रुंदावत गेली, आवाज जवळजवळ नाहीच. मग तीन लांब भोंगे. लेकाने कान झाकले आणि हसत सुटला. ५.२६ ला गाडीत.

भिंतीच्या टोकावर ६.०१. जहाज अजून आतच, घरांच्या मागून नुसतं धुराडं सरकताना दिसत होतं, जणू इमारतच चाललीय. ६.१२ ला बरोबर समोर. शेवटच्या दोरापासून ४८ मिनिटं. काका, तुम्ही ४५ ते ५० म्हणाला होतात.

डावी बाजू आधीच सांगितली होती. पिवळी चादर दोन काठ्यांना बांधून आणली होती, एक काठी लेकाकडे. सातव्या मजल्यावर आई कठड्याला धरून उभी होती. मला वाटलं होतं, ती आत बसेल आणि बाबा बाहेर येतील. झालं उलटंच: बाबा फोटो काढायच्या नादात मागे आणि ती पुढे. ती जोरात काहीतरी ओरडली, ऐकू आलं नाही. रात्री मेसेज आला: "सात छोटे, एक लांब, बरोबर मोजले."

आणि तळमजला दादा, खालच्या बाजूला एक छोटा दरवाजा उघडा होता, तिथे कामाच्या कपड्यांत दोघं उभे होते. आम्ही चादर हलवली. दोघांनीही हात वर केले.

६.३५ ला पायलटची बोट. झेंडा खाली आलेला लेकाने आधी पाहिला, मी नंतर. मग जहाज वेगात गेलं. सातपर्यंत खालचे मजले पाण्यात गेल्यासारखे दिसत होते, आणि ७.१० ला धूसर हवेत धुराडंही हरवलं. लेक म्हणाला, "बुडालं नाही ना?" मग त्रिज्याताईंचं गणित एका चेंडूवर मुंगी चालवून समजावलं.

त्रिज्या

चेंडूवरची मुंगी! झकास.

तळमजला

तो पायलटसाठी उघडलेला दरवाजा असणार. तिथे उभं राहायला मिळणं म्हणजे भाग्य. धन्यवाद ताई, त्या दोघांच्या वतीने.

लिंबूटिंबू

आता पुढचा प्रश्न: परत येताना किती वाजता उभं राहायचं?

आभाळवेडी

@लिंबूटिंबू, हेच विचारणार होते. येण्याची वेळ सकाळी सहा लिहिलीय. काका?

तांडेल_६२

सहा म्हणजे धक्क्याला लागायची वेळ. म्हणजे पायलट साडेचारच्या आसपास चढेल, आणि भिंतीपाशी जहाज पाचच्या सुमाराला येईल. काळोख असेल. आधी पायलटची बोट ओळखा: वर पांढरा दिवा, त्याच्याखाली लाल. मग क्षितिजावर दोन पांढरे दिवे शोधा, एक जरा खाली, एक उंच. ते एकमेकांपासून लांब दिसले तर जहाज आडवं आहे. हळूहळू जवळ येत एकावर एक उभे राहिले आणि खाली लाल-हिरवा दोन्ही दिसले, की जहाजाचं नाक थेट तुमच्याकडे वळलंय.

आभाळवेडी

साडेतीनचा गजर लावणार. लेकाने चादर घडी करून आपल्या उशाखाली ठेवलीय. बॅटरी पण हवी म्हणतोय, अंधारात पिवळा रंग आजीला कसा दिसणार.